नारळ उभा राहिला, पण हिशोब कोण ठेवणार?

मार्च उजाडला की आपल्या तालुक्यात दोन प्रकारच्या गाड्या रात्रंदिवस पळताना दिसतात. एक पाण्याचा टँकर आणि दुसरी तामिळनाडू पासिंगची बोअरची गाडी.

टँकरचा हिशोब असतो. कुठल्या गावाला किती खेपा झाल्या याची नोंद ठेवावी लागते, आणि त्यात घोळ झाला तर आम्ही पत्रकार बातमी करतो. बोअरच्या गाडीचा हिशोब मात्र कुणाकडेच नसतो. या उन्हाळ्यात गावात किती बोअर पडले, त्यातले किती कोरडे गेले, किती पैसा जमिनीत गाडला गेला? ग्रामपंचायतीत विचारा, तलाठ्याला विचारा, ज्याने जागा दाखवली त्याला विचारा. उत्तर मिळणार नाही.

आज या जागा दाखवण्याबद्दलच लिहायचं आहे. विषय नाजूक आहे, कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या घरच्या विहिरीची जागा कुणातरी पाणाड्यानेच दाखवलेली आहे. पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

आधी एक गोष्ट मान्य करू. जो शेतकरी बियाण्याची पिशवी घ्यायला तीन दुकानं फिरतो, पन्नास रुपयांसाठी घासाघीस करतो, बैल घेताना दात मोजतो, तोच माणूस लाख-दीड लाखाचा निर्णय तळहातावरच्या नारळावर सोडतो. नारळ आडवा होता, चालता चालता उभा राहिला, तिथे चुन्याची खूण केली, गाडी लावली. कुणी कडुनिंबाची बेचकीची काडी घेऊन चालतो, कुणी तांब्याच्या दोन तारा, कुणी दोऱ्याला बांधलेला लोलक.

याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं आहे. मला ते पटत नाही. बंगल्याच्या प्लॉटवर बोअर घेताना इंजिनिअर पाणाड्याला बोलावतो, मास्तर बोलावतो, डॉक्टरही बोलावतो. जमिनीच्या पोटातलं दिसत नाही, विहीर आटलेली असते, बाग डोळ्यांदेखत वाळत असते. सरकारी सर्वेक्षणाला अर्ज करून वाट बघावी लागते आणि बोअरची गाडी तर आज गावात उभी असते. एजंट म्हणतो, "शेजारी चालूच आहे, आजच घ्या, येण्याचा खर्च वाचेल." अशा वेळी हातात नारळ धरलेला आणि ठामपणे "इथंच" म्हणणारा माणूस देवासारखा वाटतो. त्यात नवल काही नाही.

या विषयावर दरवर्षी आपल्याकडे दोन गट भांडतात. एक म्हणतो, सगळी अंधश्रद्धा आहे. दुसरा म्हणतो, जुन्या माणसांना जे कळत होतं ते तुमच्या विज्ञानाला कळत नाही. मला वाटतं दोघंही भलत्याच प्रश्नावर भांडतायत. मनाचा कौल खरा की तर्क, असा हा सामना नाहीच. मनाच्या कौलावर विश्वास कधी ठेवायचा आणि कधी नाही, एवढंच विचारायला हवं.

कारण मनाचा कौल ही फालतू चीज नाही. जुना मेकॅनिक गाडीचा नुसता आवाज ऐकून सांगतो की बेअरिंग गेलंय. बाळंतपणं करून केस पिकलेली सिस्टर रिपोर्ट यायच्या आधी म्हणते, "हिला आत्ताच जिल्ह्याला हलवा." विहिरी खोदण्यात हयात गेलेला वडार कारागीर पहारेचा आवाज ऐकून पुढे दगड पोकळ की घट्ट ते सांगतो. यांना विचारा, कसं कळलं? म्हणतील, "कळलं बुवा." शब्दांत सांगता येत नाही, पण ते खरं असतं.

गॅरी क्लाइन नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने अग्निशमन दलातल्या लोकांचा बरीच वर्षं अभ्यास केला. त्याने सांगितलेला एक प्रसंग प्रसिद्ध आहे. एका घराला आग लागलेली, जवान आत शिरून स्वयंपाकघराच्या बाजूला पाणी मारतायत. पण आग हटत नाही. त्यांच्या प्रमुखाला काहीतरी विचित्र वाटलं. काय ते त्याला सांगता येईना, पण त्याने सगळ्यांना बाहेर काढलं आणि थोड्याच वेळात खालची जमीन कोसळली. आग तळघरात होती. त्या प्रमुखाला स्वतःला वाटत होतं की आपल्याला सहावं इंद्रिय आहे. क्लाइनने खोदून खोदून विचारलं तेव्हा उलगडा झाला. एवढ्याशा आगीच्या मानाने खोली जास्त तापलेली होती आणि आवाज फारच कमी येत होता. शेकडो आगी पाहिलेल्या डोक्याने हे टिपलं होतं, तोंडाला मात्र शब्द सापडले नव्हते.

म्हणजे जाणत्या माणसाचा अंदाज हा साठलेला अनुभव असतो. त्यात दैवी काही नाही, आणि तो कमी प्रतीचाही नाही.

आता दुसरी बाजू. डॅनिएल कानेमन हे नाव काहींनी ऐकलं असेल. मानसशास्त्रज्ञ असून २००२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेला माणूस. त्यांचं आयुष्य माणसाचे अंदाज कसे चुकतात हे दाखवण्यात गेलं. म्हणजे क्लाइन अंदाजाचा वकील आणि कानेमन विरोधी पक्षाचा. या दोघांनी एकमेकांवर चिखलफेक करण्याऐवजी एकत्र बसून काम केलं आणि २००९ मध्ये दोघांच्या नावाने लेख लिहिला. आपल्या राजकारण्यांनी शिकावं असं उदाहरण. असो. त्यांचा निष्कर्ष साध्या भाषेत असा की, अंदाजावर भरवसा ठेवायला दोन अटी पूर्ण व्हायला हव्यात. एक, त्या कामात काहीतरी नियम, ठरावीक खुणा असल्या पाहिजेत. दोन, अंदाज बरोबर आला की चुकला हे माणसाला लवकर आणि स्वच्छ कळलं पाहिजे, आणि असं पुष्कळ वेळा घडलं पाहिजे. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, जी मला फार महत्त्वाची वाटते. माणसाला स्वतःच्या अंदाजाची किती खात्री वाटते, यावरून तो अंदाज खरा आहे की नाही हे ठरत नाही. ठाम बोलणारा बरोबर असतोच असं नाही.

या दोन अटी आता पाणी शोधण्याला लावून बघू.

पहिली अट, खुणा आहेत का? आहेत. महाराष्ट्राचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसॉल्टचा, म्हणजे आपल्या काळ्या दगडाचा आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरले, त्यातून हा दगड झाला. घट्ट काळ्या पाषाणात पाणी मुरत नाही. वरचा मुरूम, त्याखालचा झिजलेला दगड, भेगा पडलेला दगड, दोन थरांमधली जागा, इथे पाणी साठतं आणि फिरतं. जमिनीखाली नद्या वाहत नाहीत. भेगा आणि फटी असतात, आणि त्याही सगळीकडे सारख्या नसतात. म्हणून तर बांधाच्या अलीकडे पाणी लागतं आणि पलीकडे धुरळा उडतो.

या खुणा जुन्या लोकांनी टिपल्या होत्या. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत भूजल शोधण्यावर एक अख्खा अध्याय लिहिलाय, दकार्गल नावाचा. कुठलं झाड, त्याच्या कुठल्या बाजूला वारूळ, किती खोलीवर कसली माती, कसला दगड, अशी ती यादी आहे. त्यातलं सगळं आजच्या कसोटीला उतरेल असं नाही. पण पद्धत बघा. आधी निरीक्षण, मग खूण, मग खोलीचा अंदाज. कुणीही जाऊन खोदून खरं-खोटं करावं. परंपरा परंपरा म्हणून जे नारळ पुढे करतात त्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

म्हणजे शिवार तोंडपाठ असलेला एखादा म्हातारा उतार बघून, नाला बघून, हिरवळ कुठे टिकते ते बघून, आजूबाजूच्या विहिरी आठवून जागा सांगत असेल, तर त्याच्या शब्दाला वजन आहे. पण ते वजन त्याच्या डोळ्यांचं आहे. नारळाचं नाही.

हे कसं कळलं? तपासून. जर्मनीत म्युनिकजवळ १९८७-८८ मध्ये यावर मोठा प्रयोग झाला. पाणी ओळखतो म्हणणाऱ्या सुमारे ५०० जणांची आधी चाचणी घेतली, त्यातले सर्वांत चांगले वाटले असे ४३ निवडले. एका गोदामात तळमजल्यावर पाण्याचा पाइप एका गाड्यावर ठेवला. दर वेळी त्याची जागा बदलायची आणि वरच्या मजल्यावरून पाणाड्याने ती सांगायची. अशा ८४३ चाचण्या झाल्या. प्रयोग करणाऱ्यांनी दावा केला की काही मोजक्या लोकांना खरोखर काहीतरी जमतंय. पण जिम एनराइट या अमेरिकी शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले. ज्याचा एका फेरीत निकाल चांगला, त्याचा दुसऱ्या फेरीत तसा येत नव्हता. एकंदरीत आकडे नुसत्या नशिबाने यावेत तसेच होते.

मग हातातली काडी हलते ती खोटी? नाही, ती खरंच हलते. बहुतेक पाणाडे मुद्दाम फसवत नसतात. विल्यम कारपेंटर नावाच्या इंग्रज डॉक्टरने १८५२ मध्येच याचं कारण सांगितलं होतं. मनात एखादी अपेक्षा असली की स्नायू आपल्याला न कळत बारीकशी हालचाल करतात. काडी ताणून धरलेली असते, नारळ तोल सांभाळून ठेवलेला असतो. मनगट केसभर कललं तरी पुरे. हलवणारा आपणच असतो आणि आपल्याला वाटतं की जमिनीने हलवलं.

आता दुसरी अट. अंदाजाचं उत्तर लवकर आणि स्वच्छ मिळतं का? इथेच सगळा घोटाळा आहे.

बोअरचं उत्तर तसं चार-सहा तासांत मिळतं. पाणी आलं किंवा धुरळा उडाला. पण ते उत्तर पाणाड्याच्या खात्यावर कुणी मांडतच नाही. पाणी लागलं तर गावभर बोभाटा होतो. वीस वर्षांनीही सांगतात, "त्यांनी बोट ठेवलं आणि दोन इंची पाणी लागलं." कोरडा गेला तर काय ऐकू येतं? "गाडी सरळ उभी नव्हती, भोक तिरकं गेलं." "दोन फुटांवर झरा हुकला." "शेजाऱ्याने बोअर घेतला, त्याने ओढून नेलं." "अजून पन्नास फूट गेले असते तर लागलं असतं." "घरात कुणाला तरी विटाळ होता." पाणी लागलं की श्रेय पाणाड्याचं आणि नाही लागलं की दोष नशिबाचा. असा हिशोब असेल तर कुणीही कधीच चुकणार नाही. आणि जो कधीच चुकत नाही तो कधी शिकतही नाही. पाणाड्याने तीस वर्षं जागा दाखवल्या असतील, पण चुका मोजल्याच नसतील तर तो तीस वर्षांचा अनुभव नव्हे. एकाच वर्षाचा अनुभव तीस वेळा घेतला, एवढंच.

यावर हमखास येणारं उत्तर मला माहीत आहे. "आमच्या पाणाड्याचे दहापैकी आठ लागतात."

ठीक आहे. जरा आकडेमोड करू. समजा एखाद्या शिवारात डोळे झाकून कुठेही भोक पाडलं तरी दहापैकी सहा ठिकाणी थोडंफार पाणी लागतं. मग नारळवाल्याचे साधारण सहा लागणार, काडीवाल्याचे सहा लागणार आणि पोराने दगड भिरकावून दाखवलेल्या जागांतलेही सहाच लागणार. आता अशा शिवारात वीस पाणाडे आहेत आणि प्रत्येकाने दहा जागा दाखवल्या असं धरा. निव्वळ नशिबाने त्यातल्या तिघा-चौघांचे आठ किंवा त्याहून जास्त बोअर लागतील. हेच तिघे-चौघे तालुक्यात नावाजतात, त्यांच्या दारात गाड्या लागतात. बाकीचे धंदा सोडतात, त्यांची आठवणही कुणाला राहत नाही. म्हणून "दहापैकी आठ" ऐकलं की पुढचा प्रश्न विचारायचा, न दाखवता घेतलेले किती लागतात?

आणि लागलं म्हणजे काय? बोअर पडला त्या दिवशी पाणी उडालं, फोटो काढला, पेढे वाटले. पुढच्या वर्षी मे महिन्यात तोच बोअर चालतोय का? हे बघायला कुणी जात नाही.

आता तर्काच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही दोन शब्द.

अलीकडे नारळाच्या जागी मशीन आलंय. पेटी, वायर, लुकलुकणारे दिवे, मोबाइलवर रंगीत आलेख. माणूस बूट घालून कारमधून येतो आणि म्हणतो, "साहेब, शंभर टक्के गॅरंटी." लोकांना वाटतं हे विज्ञान. जमिनीतून वीज सोडून दगडाचा विरोध मोजायची पद्धत खरी आहे, जाणकार भूवैज्ञानिक ती वापरतात. पण ते आकडे वाचायला तिथला दगड माहीत असावा लागतो, आणि वाचूनही उत्तर शक्यतेतच मिळतं. खरा भूवैज्ञानिक गॅरंटी देत नाही. "इथे शक्यता बरी आहे, तिथे घेऊ नका" एवढंच म्हणतो. गॅरंटी देणारं मशीन म्हणजे प्लास्टिकच्या पेटीतला नारळ.

आणि सरकारी यंत्रणेचं काय? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा राज्यात कित्येक वर्षं काम करते. हजारो निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. त्यांच्याकडे माहिती आहे. पण ती माहिती जिल्ह्याच्या कार्यालयातून आपल्या गावच्या पारापर्यंत पोचते का? रात्री दहा वाजता, गाडी दारात उभी असताना, शेतकऱ्याच्या हाताशी येते का? नाही येत. पाणाड्या मात्र एका फोनवर येतो. तर्क कार्यालयात आणि नारळ बांधावर असेल तर जिंकणार कोण, हे सांगायला नको.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे, "कुठे घ्यायचा" या प्रश्नाच्या नादात "घ्यायचा का" आणि "किती खोल" हे प्रश्न कुणी विचारतच नाही. आपलं मन सांगतं, जितकं खोल तितकं पाणी. मनाचा हा कौल आपल्या दगडात बहुतेक वेळा चुकतो. आपल्याकडचं बहुतांश पाणी वरच्या झिजलेल्या, भेगाळलेल्या दगडात असतं आणि ते पावसाने भरतं. खाली खाली दगड घट्ट होत जातो. खोलवर लागलंच तर ते बऱ्याचदा जुनं साठलेलं असतं, एकदा उपसलं की लवकर भरत नाही. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यात शेती आणि उद्योगासाठी ६० मीटर, म्हणजे साधारण दोनशे फूट, किंवा त्याहून खोल विहिरी घ्यायला मनाई आहे. आपल्या तालुक्यात किती गाड्या दोनशे फुटांवर थांबतात ते तुम्हीच सांगा.

मागच्या एका उन्हाळ्यात बातमीसाठी फिरताना एका मोसंबीवाल्या शेतकऱ्याशी बोललो. गाव आणि नाव लिहीत नाही. त्याने एकाच हंगामात चार बोअर घेतले, चार वेगवेगळ्या माणसांनी जागा दाखवल्या, चारही कोरडे. फुटाला शंभर रुपये आणि प्रत्येकी चारशे फूट धरा, केसिंग वेगळं. एक लाख साठ हजार नुसत्या भोकांचे. बायकोचं सोनं बँकेत गेलं आणि बागही वाचली नाही. मी विचारलं, दुसरा कोरडा गेल्यावर थांबला का नाहीत? तो म्हणाला, "दोन फेल गेल्यावर वाटलं, आता तिसरा लागणारच." हाही मनाचा कौलच. जमिनीला मात्र आधीचे दोन माहीत नसतात.

टीका पुष्कळ झाली. करायचं काय, ते सांगतो. फार खर्चाचं काही नाही.

पहिलं, गावाने बोअरची वही ठेवावी. ग्रामपंचायतीत एक साधं रजिस्टर. तारीख, गट नंबर, जागा कुणी आणि कशाने दाखवली, किती फुटांवर कुठला दगड लागला, पाणी कितव्या फुटाला लागलं, किती खोल गेले, खर्च किती, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे पुढच्या मे महिन्यात पाणी आहे का. कोरडे गेलेले तर आवर्जून लिहायचे. पाच वर्षांत त्या वहीत शंभर-दोनशे नोंदी होतील. शिवाराच्या कुठल्या भागात बोअर चालतात, कुठल्या फुटाखाली गेल्यावर फक्त पैसे जातात, हे कुठल्याही नारळापेक्षा ती वही चांगलं सांगेल.

दुसरं, गाडी लागल्यावर निर्णय घ्यायचा नाही. किती फुटांवर थांबायचं, किती रुपयांवर थांबायचं, हे सकाळी घरात सगळ्यांनी बसून ठरवायचं आणि कागदावर लिहायचं. रात्री बारा वाजता धुरळ्यात उभं राहिल्यावर "अजून पन्नास फूट" म्हणणारा आवाज फार गोड असतो. त्या वेळी कागद कामाला येतो. घरातल्या बाईची त्यावर सही घ्या, कारण शेवटी सोनं तिचं मोडतं.

तिसरं, बोअरच्या आधी पाण्याचा ताळेबंद मांडायचा. हिवरे बाजारने हेच केलं. शेतीसाठी बोअर बंद केले, दरवर्षी पाऊस किती पडला, पाणी किती साठलं हे मोजायचं आणि त्यावर पीक ठरवायचं. त्या गावातल्या लोकांना वेगळं इंद्रिय नव्हतं. त्यांनी मोजलं आणि मोजलेलं मानलं.

आणि माझ्या ओळखीच्या पाणाडे मंडळींना, रागवू नका. तुमच्यातल्या कित्येकांना शिवार आमच्यापेक्षा जास्त कळतं, हे मी मानतो. म्हणूनच म्हणतो, ही वही तुम्हीच सुरू करा. दाखवलेली प्रत्येक जागा लिहा, लागलेलीही आणि गेलेलीही. तुमच्या अंदाजात दम असेल तर वहीत दिसेल आणि मग मीच पहिल्या पानावर बातमी करीन. पण वही ठेवायला जो नको म्हणेल, त्याच्या हातावर नारळ कितीही ताठ उभा राहिला तरी त्याला आपलं शेत दाखवू नका.

येत्या ग्रामसभेत हा विषय कुणी मांडणार असेल तर कळवा. रजिस्टरच्या रकान्यांचा नमुना मी तयार करून देतो. आणि तुमच्या गावात गेल्या तीन वर्षांत किती बोअर झाले आणि त्यातले किती आज चालू आहेत, हे मोजून खाली लिहा. अंदाजे नको.